गायरान: कुणाचे, कशासाठी

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले आणि अर्धापूर मागे पडले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात. डोंगरकडा गावापर्यंत हा हिरवा पट्टा फारसा तुटत नाही. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचे कालव्याचे पाणी आणि विहिरी-बोअर यांच्या जोरावर इथल्या काळ्या जमिनीत केळी, ऊस आणि हळद रुजली. पण कळमनुरी तालुक्याच्या याच भागात डांबरी रस्ता सोडून आडवाटेला लागले, तर थोड्याच वेळात जमीन चढू लागते, काळी माती पातळ होते आणि मुरूम वर येतो. तिथे पळस, बोरी आणि हिवराची झाडे, तरवडाच्या पिवळ्या फुलांची झुडपे दिसतात. पावसाळा सरता सरता गुडघ्याएवढे गवत, त्यात धोतराला चिकटणारी कुसळे. असला पुष्कळसा माळ कुणा एकाच्या सातबाऱ्यावर नाही. महसूल दप्तरात मालक म्हणून सरकारचे नाव आणि उपयोग म्हणून एकच शब्द: गायरान.

मराठवाड्यातल्या बहुतेक गावांना असे गायरान आहे, किंवा होते. बागायतीच्या पैशाची चर्चा होते, भावाची होते, कारखान्याच्या गाळपाची होते. गायरानाची चर्चा मात्र बहुधा दोनच वेळा होते: अतिक्रमण हटवण्याची नोटीस येते तेव्हा आणि एखादा प्रकल्प जागा शोधत येतो तेव्हा. गावाच्या वारशात देऊळ, बारव, गढी आणि वेस मोजली जाते. ज्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या गावाची गुरे जगली, ती जमीन त्या यादीत नसते. ती असायला हवी, आणि त्या वारशातला कडू भागही तिच्याबरोबर सांगायला हवा.

गायरानाने काय दिले, हे पूर्वी सांगावे लागत नव्हते. सकाळी गुराखी घरोघरची गुरे सोडवून हाकत नेई आणि दिवेलागणीला परत आणी. त्याच्या मोबदल्यात वर्षाचे धान्य ठरलेले असे. बैल शेतकऱ्याचे, पण कोरडवाहू शेतकऱ्याकडे वर्षभर पुरेल इतका कडबा नसे. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत पिके उभी असताना गुरांना शेतात जागा नाही. तेव्हाचा आधार गायरानाचाच. चुकून एखादे जनावर कुणाच्या ज्वारीत शिरले, तर कोंडवाडा आणि दंड ठरलेला. या भागातली लाल कंधारी गाय आणि उस्मानाबादी शेळी, दोन्ही अशाच माळावर, कमी चाऱ्यावर, उन्हात टिकून राहिलेली जनावरे. कंधारीचा तांबडा रंग आणि काटक बांधा भरल्या गोठ्यातल्या खुराकाने घडलेला नाही.

बायकांचे गायरान वेगळे होते. जळणाच्या काड्या, रानातल्या शेणी, केरसुणीसाठी गवत, पहिल्या पावसानंतर तरोट्याचा कोवळा पाला, कुर्डू, घोळ, करटुली. कातळाच्या कडेला सीताफळे. ज्या घरात शेत नाही, त्या घरातली आषाढ-श्रावणातली भाजी अनेकदा गायरानावरून येई. मुरूम तिथूनच, घर सारवायची माती तिथूनच. वडार, गोसावी, मसणजोगी यांची पालं तिथेच उतरत. धनगरांची मेंढरे फिरतीवर आली, की गायरानावर चरत आणि रात्री शेतकऱ्याच्या वावरात बसवली जात. शेताला खत मिळे, मेंढपाळाला धान्य. हा व्यवहार कागदावर कधीच आला नाही, पण गावाच्या अर्थकारणात तो पक्का होता.

कागदावर जे आले, ते निजामाच्या राज्यात. 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकात संस्थानचे दिवाण पहिले सालारजंग यांनी जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची रचना, केली आणि मराठी जिल्ह्यांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली. शेतांना सर्व्हे नंबर मिळाले, सारा ठरला आणि ज्या जमिनीवर सारा नाही ती वेगळी निघाली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 लागू झाली. तिच्या कलम 22 नुसार मोफत चराईसाठी, वैरण आणि स्मशान यांसारख्या सार्वजनिक कामांसाठी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे. पैनगंगा ओलांडून विदर्भात गेले, की हीच जमीन लोकांच्या तोंडी ‘ई-क्लास’ होते आणि निस्तारपत्रकात गावाने काय घ्यावे याची नोंद सापडते. नदीच्या दोन्ही काठांवर गवत एकच, कागद वेगळे. कारण एका काठावर निजामाचे दप्तर होते आणि दुसऱ्या काठावर मध्य प्रांत-वऱ्हाडाचे.

अशा सामाईक जमिनीचा सर्वांत जास्त लिहिला गेलेला इतिहास इंग्लंडचा आहे. तिथल्या खेड्याबाहेरच्या ‘कॉमन’ची मालकी बहुधा एखाद्या जमीनदाराची असे, पण आसपासच्या रहिवाशांना तिच्यावर हक्क असत: गुरे चारण्याचा, जळण तोडण्याचा, दलदलीतले पीट खणून चुलीला लावण्याचा, शरद ऋतूत ओकची फळे खायला डुकरे सोडण्याचा. 1217 च्या वनसनदेत सामान्य माणसाच्या असल्या हक्कांना राजाने मान्यता दिली. अवघ्या 18 वर्षांनी, 1235 मध्ये, मर्टनच्या कायद्याने जमीनदाराला उलटी वाट दाखवली: हक्कदारांना पुरेल इतका चारा शिल्लक ठेवा आणि उरलेले कुंपणात घ्या. पुरेसे किती, हे ठरवणारा बहुधा तोच. 1604 ते 1914 या काळात संसदेने कुंपणबंदीचे पाच हजारांहून अधिक कायदे केले आणि सुमारे 68 लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या पाचव्या हिश्शाहून जास्त, खासगी झाली. हेल्पस्टन गावचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर याच्या डोळ्यांदेखत त्याच्या गावचा माळ असा गेला आणि ते दुःख त्याच्या कवितेत कायमचे उतरले.

मग लोक उठले. 1865 मध्ये लंडनमध्ये कॉमन वाचवणारी संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी बर्कहॅमस्टेडच्या कॉमनवर लॉर्ड ब्राउनलो यांनी लोखंडी कुंपण घातले. ऑगस्टस स्मिथ नावाच्या हक्कदाराने 120 मजूर जमवले, मार्चमधल्या एका रात्री लंडनहून खास रेल्वेगाडीने आणले आणि उजाडेपर्यंत सगळे कुंपण उखडून व्यवस्थित रचून ठेवले. खटला चालला, निकाल स्मिथच्या बाजूने लागला. त्याच सुमारास एपिंगच्या जंगलात टॉमस विलिंगेल नावाच्या लाकूडतोड्याने फांद्या छाटण्याचा वडिलोपार्जित हक्क सोडायला नकार दिला. त्याच्या घरच्या तरुणांना तुरुंगवास घडला. 1878 मध्ये एपिंगचे जंगल कायद्याने लोकांसाठी खुले राहिले. आज इंग्लंडच्या भूमीपैकी सुमारे 3 टक्के जमीन कॉमन म्हणून उरली आहे आणि 2000 सालच्या कायद्याने नोंदलेल्या कॉमनवर कुणालाही पायी फिरता येते.

ही कथा मराठवाड्याला लावावीशी वाटते. मोठ्यांनी सामाईक जमीन गिळली आणि गरीब उघड्यावर पडला, असे सरळ सांगून मोकळे व्हावे. पण इथे गाडी अडते, आणि ती अडायलाच हवी. मराठवाड्याच्या गावात गायरान ‘सर्वांचे’ होते असे म्हणताना ‘सर्व’ म्हणजे कोण, हा प्रश्न टळत नाही. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी नव्हते, ज्याच्या गोठ्यात गायच नव्हती, त्याच्यासाठी गायीच्या रानाचा उपयोग काय? गायरानाचा खरा लाभ गुरे असणाऱ्याला. आणि गुरे बहुधा जमीन असणाऱ्याकडे.

म्हणून मराठवाड्यातल्या दलित भूमिहीनांनी गायरान नांगरले. इंग्लंडमध्ये नांगर आणि कुंपण जमीनदाराच्या हातात होते. इथे नांगर त्याच्या हातात आला ज्याला शेकडो वर्षे जमिनीपासून दूर ठेवले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हयातीतच, 1953 च्या सुमारास, मराठवाड्यात पडीक सरकारी जमिनीसाठी सत्याग्रह झाला. त्यांच्यानंतर हा लढा कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी पुढे नेला. 1930 मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात पुढे असलेले हेच दादासाहेब. 1959 मध्ये त्यांनी महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला आणि 6 डिसेंबर 1964 रोजी, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, तो देशभर सुरू झाला. लाखो माणसे तुरुंगात गेली. बाया लेकरांना कडेवर घेऊन गेल्या. मागणी साधी होती: पडीक जमीन कसणाऱ्याला द्या.

पुढे बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड आणि त्यांच्या मानवी हक्क अभियानाने हाच प्रश्न गावोगाव नेला. आवाडांचे आत्मकथन ‘जग बदल घालुनी घाव’ वाचलेल्याला ठाऊक असेल, की गायरानावर पेरणी करणे म्हणजे गावाच्या रागाला सामोरे जाणे. उभ्या पिकात गुरे घातली जात, झोपड्या पेटत, बहिष्कार पडे. ‘गुरांनी कुठे चरावे’ हा प्रश्न खरा होता. पण तो नेमक्या याच वेळी, याच माणसांविरुद्ध विचारला जाई. पाटलाच्या बांधाने गायरानात चार काकर्‍या पुढे सरकताना तो क्वचितच कानावर आला.

शासनाने दोन मोठे निर्णय घेतले. 27 डिसेंबर 1978 च्या निर्णयाने 31 मार्च 1978 पर्यंतची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट खुली झाली. 28 नोव्हेंबर 1991 च्या निर्णयाने ही मर्यादा 14 एप्रिल 1990 पर्यंत आणली. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा तो पहिला दिवस. निर्णय निघाले, पण जमीन नावावर होण्यासाठी पुरावा लागतो. पुरावा म्हणजे तलाठ्याच्या गाव नमुना 1-ई मधली अतिक्रमणाची नोंद आणि भरलेल्या दंडाच्या पावत्या. म्हणजे ज्या कागदाने माणूस गुन्हेगार ठरतो, तोच कागद त्याच्या हक्काचा आधार. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत या पावत्या पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या असतात. ज्याची नोंद तलाठ्याने घेतलीच नाही, तो तीस-चाळीस वर्षे कसूनही दप्तरात नसतो. इंग्लंडमध्येही 1965 च्या नोंदणी कायद्यात असेच झाले: मुदतीत नोंद न झालेले पुष्कळ हक्क कायमचे बुडाले. कागदापर्यंत पोहोचण्याची ताकद ज्याच्यात कमी, त्याचे नुकसान जास्त, हे दोन्हीकडे सारखेच.

28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात निकाल दिला. मूळ वाद पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्याच्या जागेवर बांधलेल्या घरांचा. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांच्या पीठाने देशभरातल्या राज्यांना गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याच्या योजना करायला सांगितले. महाराष्ट्राच्या महसूल संहितेतही पुढे कलम 22-अ घालून गायरान दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंधने आली. जगपाल सिंग निकाल सतत उद्धृत होतो, पण त्यातला एक भाग तितका वाचला जात नाही. शासकीय आदेशाने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेली जमीन, तसेच जिथे आधीच शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय आहे ती जागा, यांना त्या निकालात अपवाद म्हणून स्थान आहे. न्यायालयाचा रोख धनदांडग्यांच्या बळकावणीवर होता. अंमलबजावणी करताना नोटीस मात्र आधी झोपडीवर चिकटते.

2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा विषय स्वतःहून हाती घेतला. राज्य सरकारने दिलेल्या माहितीनुसार महाराष्ट्रात सुमारे साडेचार लाख हेक्टर गायरान होते, त्यापैकी दहा हजार हेक्टरांच्या आसपास क्षेत्रावर सुमारे 2 लाख 22 हजार अतिक्रमणे होती. वर्षअखेरपर्यंत ती काढण्याची भाषा सुरू झाली, गावोगाव नोटिसा गेल्या, मोर्चे निघाले आणि कारवाई थबकली. या आकड्यांकडे नीट पाहिले, तर अतिक्रमित क्षेत्र एकूण गायरानाच्या जेमतेम सव्वादोन टक्के भरते. मग उरलेल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्क्यांची अवस्था काय? तिथे चारा किती, झाडे किती, गाजर गवत किती, मुरमाचे खड्डे किती? त्याचा हिशेब कुणी मागितला नाही.

खरे तर गायरानाची हानी अनेक हातांनी झाली. अर्थतज्ज्ञ एन. एस. जोधा यांनी 1980 च्या दशकात महाराष्ट्रासह सात राज्यांच्या कोरडवाहू भागातल्या 82 गावांचा अभ्यास केला. तीन दशकांत सामाईक जमीन कुठे तिसऱ्या हिश्शाने, कुठे निम्म्यापर्यंत घटली होती. गरिबांच्या नावाने जी वाटली गेली, तिचा मोठा भाग शेवटी गरीब नसलेल्यांच्या हाती होता. आणि जी उरली, तिच्यावर जळण-चाऱ्यासाठी सर्वांत जास्त अवलंबून होते ते गरीबच. मराठवाड्यात त्यानंतर सोयाबीन आले. ज्वारीचा पेरा घटला, कडबा महागला. बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली. गुरे कमी झाली तशी गायरानावरची नजरही कमी झाली, आणि घाणेरी, गाजर गवत व वेडी बाभूळ यांना मोकळे रान मिळाले.

हे माळ ओसाड नसतात. पवन्या, मारवेल, कुसळी, शेडा ही गवते मातीला धरून ठेवतात. टिटवी, चंडोल, तितर, लावे जमिनीवरच घरटी करतात. कोल्हा, खोकड आणि लांडगा गवतात आसरा घेतात. पण सरकारी नकाशात गवताळ माळ वर्षानुवर्षे ‘पडीक’ रकान्यात गेले. तिथे झाडे लावण्याचे कार्यक्रम झाले, खड्डे खणले गेले. जिथे गवतच निसर्गाचे पूर्ण रूप आहे तिथे जंगल उगवण्याची अपेक्षा धरली गेली. हिंगोलीला लागून असलेल्या वाशीम आणि त्यापलीकडच्या अकोला जिल्ह्यात तणमोर हा दुर्मीळ पक्षी पावसाळ्यात गवतात येतो. एकेकाळी शिकारीवर जगणारे फासेपारधी तिथे ‘संवेदना’ संस्थेबरोबर त्याची घरटी राखतात. ज्या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्याचे रानाचे ज्ञान पक्षी वाचवायला उपयोगी पडते आहे. मराठवाड्याच्या माळांवरही असे काम उभे राहू शकते, कारण रान वाचणारी माणसे इथेही आहेत.

सामाईक जमीन म्हटली की ती ओरबाडली जाणारच, असे मानणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये हाच युक्तिवाद मांडला होता: प्रत्येक जण आणखी एक जनावर सोडतो आणि शेवटी कुरण संपते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली उदाहरणे तपासून त्याला उत्तर दिले. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या उदाहरणांत स्वित्झर्लंडमधले त्योर्बेल हे डोंगरी गाव आहे. हिवाळ्यात आपल्या गोठ्यात जितकी गुरे पोसता येतील तितकीच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायची, असा तिथला नियम 1517 पासूनचा. नियम गावानेच केलेला, मोडणाऱ्याला दंडही गावाचाच.

नियमाची अशी परंपरा आपल्याकडेही आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. गुरे मोकळी सोडण्याऐवजी गवत विळ्याने कापून न्यायचे, असे ठरले. गवत वाढले, दूध वाढले. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा कारभार हाती घेतला. ही दोन्ही गावे मराठवाड्यापेक्षा वेगळी आहेत, त्यांचा नमुना उचलून इथे ठेवता येणार नाही. इथल्या गायरानात चाऱ्याबरोबर जातीचा आणि जमिनीच्या वाटपाचा प्रश्न आहे. चराईबंदी लावली की पहिला फटका शेळीवाल्या बाईला बसतो, जिच्याकडे दुसरे काही नाही. म्हणून इथल्या नियमात तिची जागा आधी ठरवावी लागेल.

नवा दावेदारही आता दाराशी आहे. 2023 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची आहे. हेतू उपयोगाचा आहे. रात्री-अपरात्री मोटर चालू करायला विंचू-सापातून जाणाऱ्या हळद-केळीच्या शेतकऱ्याला दिवसाची वीज हवीच आहे. पण या प्रकल्पांसाठी सरकारी जमीन प्राधान्याने शोधली जाते, आणि गावात सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान. जी जमीन भूमिहीनाला देताना ‘गुरांचा चारा जातो’ असे सांगितले गेले, तीच जमीन पॅनेलखाली देताना चाऱ्याचा उल्लेखही नसावा, हे न्याय्य नाही. आधी वहिवाट बघा, 1-ई बघा, दंडाच्या पावत्या बघा. मग गुरे, शेळ्या, पालं आणि स्मशान यांना लागणारी जागा काढा. मग उरलेल्यात पॅनेल कुठे बसते ते पाहा. क्रम उलटा लावला, तर इंग्लंडमध्ये जसे ‘पुरेसे शिल्लक ठेवून’ सगळे गेले तसेच इथे होईल.

हे काम मंत्रालयात बसून होणारे नाही. डोंगरकड्यासारख्या मोठ्या गावात बागायतदार, सालगडी, ऊसतोडीला जाणारे, शेळ्या राखणारे आणि पालावर राहणारे एकाच ग्रामपंचायतीच्या हद्दीत असतात. त्यांपैकी ग्रामसभेत बोलतात मोजकेच, आणि ऊसतोड मजूर तर दिवाळीनंतर गावातच नसतात. 26 जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा ते कर्नाटकातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावर असतात. गायरानाचा सर्व्हे नंबर, मोजणीचा नकाशा, 1-ई ची यादी आणि आलेल्या जागा-मागणीचे अर्ज सभेआधी चावडीवर लावायला खर्च येत नाही. विषय 26 जानेवारीऐवजी 1 मेच्या ग्रामसभेत घेता येतो, तोपर्यंत तोडीला गेलेली बरीच कुटुंबे परतलेली असतात. गायरानाच्या कोणत्याही ठरावाला तेवढी वाट पाहणे ही पहिली अट असायला हरकत नाही.